तिसऱ्या मजल्याची परीक्षा

मी एक जुनी इमारत आहे. जुनी आहे हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक ते दुरूनच ओळखतात आणि मग आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात माझ्याविषयी बोलतात. मित्रांनो, मी आजारी नाही. आत्ता या घडीला माझ्या तिसऱ्या मजल्यावर एक शिल्पकार दगडावर छिन्नी चालवतो आहे आणि पहिल्या मजल्यावर एक वकीलबाई त्या ठकठकीला कंटाळून खिडकी लावून घेत आहेत. दोघेही माझे भाडेकरू आहेत आणि दोघांचाही मला अभिमान आहे.

मला एका कापडाच्या व्यापाऱ्याने बांधले. सगळे त्याला मालक म्हणत. त्याने माझा पाया इतका खोल खणायला लावला की गवंडी वैतागला.

"मालक, पेढी बांधताय की धरण?" त्याने विचारले.

"कापूस हलका असतो रे बाबा," मालक म्हणाले. "कापडाची गाठ हलकी नसते. एकदा उचलून बघ, मग खण."

गवंड्याने गाठ उचलून बघितली आणि पुन्हा खणायला लागला.

बाहेरून लोकांना माझ्या दगडी भिंती दिसतात. पण माझा खरा डौल आत आहे. माझे खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत, सडपातळ आणि उंच. त्यांच्यावर जाड लाकडी तुळया आहेत आणि तुळयांवर रुंद फळ्यांचे मजले आहेत. तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर कारकून, दुसऱ्यावर कोठार, आणि सगळ्यांत वर, तिसऱ्या मजल्यावर, एक लांबच लांब दालन. त्या दालनाच्या खिडक्या मुद्दाम उत्तरेला ठेवल्या होत्या. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही. त्यामुळे प्रकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा राहतो आणि कापडाचा रंग जसा आहे तसाच दिसतो.

या पेढीची एक रीत होती. दिवे लागले की माप बंद. दारात गिऱ्हाईक उभे असले तरी कारकून गज खाली ठेवत. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो आणि फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही, असे मालक म्हणत. एकदा एका माणसाने फार गळ घातली.

"अहो, सकाळी लवकर माझी गाडी आहे. निळंच तर कापड आहे. निळ्यात काय बघायचंय?"

"ते निळं आहे असं तुम्ही म्हणताय," कारकून म्हणाला. "घरी गेल्यावर जांभळं निघालं तर बायको तुम्हाला आत घेणार नाही, आणि तुम्ही आम्हाला जन्मभर नावं ठेवाल. सकाळची गाडी सोडा, दुपारची पकडा."

तो माणूस दुपारच्या गाडीने गेला. पुढे त्याची मुलेही माझ्याच पायऱ्या चढून कापड न्यायला आली.

मित्रांनो, अशी माझी पुष्कळ वर्षे गेली. गाठी कप्पीला टांगून रस्त्यावरून थेट तिसऱ्या मजल्याच्या दारात ओढल्या जायच्या. हमाल त्या दालनाच्या मधोमध रचून ठेवत, कारण कडेची जागा बघणाऱ्यांसाठी मोकळी लागे. एक थर गेला की दुसरा यायचा. लाकूड ओझ्याच्या खाली हळूहळू बसत जाते. माझा तिसरा मजलाही मधोमध थोडा बसला, उथळ परातीसारखा खोलगट झाला. मला त्याची कधी लाज वाटली नाही. वर्षानुवर्षे डोक्यावर टोपली वाहणाऱ्याच्या टाळूलाही घट्टा पडतोच.

पहिल्या मालकानंतर त्यांचा मुलगा आला, मग नातू आला. नातवाला दोन मुली होत्या. सगळी पेढी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. शाळा सुटली की दोघी तिसऱ्या मजल्यावर येत. थोरली खिडकीपाशी बसून कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावायची, फिक्यापासून गडदापर्यंत. तिला कोणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही. धाकटी कोपऱ्यातून गोटी सोडायची. कुठल्याही कोपऱ्यातून सोडली तरी गोटी घरंगळत मध्येच येऊन थांबायची आणि धाकटी हसत सुटायची.

मग लोक तयार कपडे घेऊ लागले. ताग्यांवर धूळ बसू लागली. एक एक कारकून निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची कोणी भरली नाही. पेढी बंद झाली. काही काळ तळमजल्यावर एकाने पलंग आणि कपाटे विकली. पहिल्या मजल्यावर शिकवणी चालली. नंतर तेही गेले. पन्हळ फुटली आणि पावसाचे पाणी माझ्या एका भिंतीतून झिरपू लागले. खिडक्यांच्या काचा फुटल्या, कबुतरे आली. दारावर जाहिरातींचे कागद एकावर एक असे चिकटत गेले की दार कुठल्या रंगाचे होते हे रस्त्यातले कोणी सांगू शकले नसते. रिकामे राहणे वाईट. ओझ्याने मी कधी थकले नव्हते. रिकामेपणाने थकले.

वडील गेल्यावर मी दोघी बहिणींच्या वाट्याला आले. थोरलीने एका बसड्रायव्हरशी लग्न केले होते. तो तोपर्यंत निवृत्त झाला होता. उंच, मितभाषी माणूस. चित्रातले त्याला ओ की ठो कळत नसे आणि ते तो कबूलही करत असे. थोरली मात्र जन्मभर चित्रे काढत होती, आणि तीही जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की सगळे उचलायचे, जेवण झाले की पुन्हा मांडायचे.

एके सकाळी ती नवऱ्याला आणि बहिणीला घेऊन वर आली.

"खाली ऑफिसं काढायची," ती म्हणाली. "वरती कलाकारांना खोल्या द्यायच्या. माणसाला पसारा तसाच टाकून घरी जाता येईल, अशी जागा या गावात कुठेच नाही."

"पसारा टाकायला इमारत लागते होय तुला?" धाकटी म्हणाली. "घर पुरत नाही?"

"घरात हे आहेत ना. उचलून ठेवतात सगळं. परवा ओलं चित्र कपाटात घातलं यांनी."

"ते वाळलंय असं वाटलं मला," ड्रायव्हर म्हणाला.

"शर्टाला चिकटलं तेव्हा कळलं."

तिघेही हसले. त्या दालनात फार दिवसांनी कोणी हसत होते.

त्यानंतर थोरली आजारी पडली. काम सुरू व्हायच्या आतच ती गेली.

ड्रायव्हर पुन्हा आला तेव्हा एकटाच होता. थोरलीचा गुडघा दुखायचा, म्हणून तो जिना चढताना नेहमी भिंतीकडून चालायचा आणि कठड्याची बाजू तिला सोडायचा. आता कठडा मोकळा होता. तरी तो भिंतीला खेटूनच वर आला.

धाकटी त्याच्या मागून आली. तिच्याकडे एक गिऱ्हाईक आले होते. ते कापडाचे नव्हते, माझे होते. त्या बिल्डरला मला पाडून इथे काचेची इमारत उभी करायची होती. तो तिसऱ्या मजल्यावर येऊन गेला होता, खोलगट फळ्यांवर एकदा टाच आपटून म्हणाला होता, "ही टेकलीच आहे. आज ना उद्या आपणहून बसेल."

"भाऊजी, मी काही तुमची वैरीण नाही," धाकटी म्हणाली. "ताईचं मन होतं, मला माहीत आहे. पण ताई गेली. तुम्ही या वयात एकट्याने कुठे हा डोलारा सांभाळणार? आणि मजला बघा की. लहानपणी मजा वाटायची, आता भीती वाटते."

"भीती मलाही वाटते," तो म्हणाला.

"मग?"

"मग नुसतं बघून कसं ठरवायचं? डॉक्टरसुद्धा हात लावून बघतो."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी दोघांचे एक ठरले. एका इंजिनिअर बाईंना बोलवायचे आणि तिसऱ्या मजल्याची रीतसर परीक्षा घ्यायची. परीक्षेला उतरला तर थोरलीच्या मनातले काम करायचे. नाही उतरला तर धाकटी म्हणेल तिथे तो मुकाट्याने सही करणार. मित्रांनो, तुमच्या परीक्षेत नापास झालात तर पुन्हा बसता येते. माझ्या परीक्षेत नापास म्हणजे पहार आणि घण.

इंजिनिअर बाई नीटनेटक्या होत्या आणि कमी बोलत. त्यांनी माझी प्रत्येक तुळई टोचून पाहिली. मग त्यांनी परीक्षा समजावून सांगितली. तिसऱ्या मजल्याच्या मधोमध पिंपे मांडायची आणि त्यांत पाणी भरायचे. पुढे तिथे माणसे आणि सामान मिळून जेवढा भार येईल, त्याहून जास्त वजन चढवायचे. खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक लाकडी घोडा, म्हणजे उंच तिवई, उभा करायचा आणि त्याच्या डोक्यावर घड्याळासारखे एक यंत्र बसवायचे. त्याची सळई वरच्या तुळईला टेकलेली असते. तुळई जितकी खाली येईल तितका काटा पुढे सरकतो. काट्यासाठी एक लाल खूण केलेली होती.

"काटा खुणेला टेकला की नापास," बाई म्हणाल्या. "पण तेवढ्यावर संपत नाही. वजन काढल्यावर मजला किती परत येतो, तेही बघायचं. वाकण्याचं मला काही नाही. सगळंच वाकतं. वाकलं ते एका दिवसात चार हिश्शांतले तीन हिस्से तरी परत वर यायला पाहिजे."

परीक्षेच्या दिवशी रस्त्यावरच्या नळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पाइप चढला. बाई वर पिंपांपाशी उभ्या राहिल्या. मिस्त्री आणि त्याची माणसे खाली काट्यापाशी थांबली. पिंपे भरत गेली तसे मला माझे जुने दिवस आठवले. तेच ओझे, तीच जागा. फळ्या थोड्या कुरकुरल्या, खांबांनी भार घेतला. काटा हलला, सरकला, आणि लाल खुणेच्या बराच अलीकडे थांबला.

खाली आनंदीआनंद झाला. वरचे पाणी भरणारे काटा बघायला खाली धावले. ड्रायव्हर आला. धाकटीही आली. सगळे त्या एका घोड्याभोवती घोळका करून उभे राहिले. जो तो मान पुढे काढून बघत होता.

"म्हातारी पास झाली," मिस्त्री म्हणाला.

मग बाई जिन्यावरून खाली आल्या. घोळक्याजवळ आल्या आणि एकदम थांबल्या. एक पाऊल मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या. त्यांची नजर काट्यावर होती. त्या पुढे आल्या की काटा किंचित मागे जायचा, त्या मागे गेल्या की पुढे यायचा.

"सगळे जिन्यात जा बरं," त्या म्हणाल्या.

"का हो बाई?"

"आधी जा, मग सांगते."

एक एक माणूस बाहेर गेला तसा काटा पुढे सरकू लागला. शेवटचा माणूस गेला तेव्हा तो लाल खुणेला जाऊन टेकला होता.

बाईंनी तोंड पुसले. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "घोडा मी या मजल्यावर उभा केला. तुम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलात, तुमच्या वजनाने हा मजला खाली गेला, त्याच्याबरोबर घोडाही गेला. त्यामुळे वरची तुळई कमी वाकल्यासारखी दिसली. घोडा खांबांना बांधायला हवा होता. खांब हलत नाहीत."

"म्हणजे आत्ता दिसतंय ते खरं?" धाकटीने विचारले.

"तेही नाही. काटा शून्यावर लावला तेव्हाही इथे माणसं होती, पण किती आणि कुठे उभी, ते लिहून ठेवलेलं नाही. आज खरं काय ते कोणालाच सांगता येणार नाही."

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करणारी माणसेच माझी परीक्षा बघायला गर्दी करून उभी राहिली आणि त्या गर्दीनेच परीक्षा बिघडवली. हसावे की रडावे ते मला कळेना.

मिस्त्री ड्रायव्हरजवळ गेला. "काका, मघाशी काटा अलीकडे होता. दहा जणांनी पाहिलाय. तेवढंच धरून चला की."

"आणि मी म्हणते आत्ता खुणेवर आहे, तर ठरल्याप्रमाणे विकून टाका," धाकटी म्हणाली. "मग चालेल का तुम्हाला मिस्त्री?"

मिस्त्री मागे सरला. सगळे ड्रायव्हरकडे बघू लागले. त्याने हो म्हटले असते तर कोण अडवणार होते? बायकोच्या मनातली गोष्ट त्याच्या हातात आली होती. मूठ मिटायची तेवढी बाकी होती.

"मघाचंही नको आणि आत्ताचंही नको," तो म्हणाला. "ब्रेक लागतात असं दुसऱ्याने सांगितलं म्हणून मी कधी डेपोतून गाडी बाहेर काढली नाही. स्वतः दाबून बघायचो. उद्या इथे वर माणसं उभी राहणार आहेत. बाई, पुन्हा घ्या परीक्षा."

"आणि नापास झाली तर?" धाकटीने विचारले.

"तर विकू. तुझ्या आधी मी सही करीन."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं होतं, ताईसाठी तुम्ही खोटंसुद्धा बोलाल."

"बोललो असतो," तो म्हणाला. "पण तिने ऐकून घेतलं नसतं."

धाकटीने पदर खोचला. "मग बघत काय बसलात सगळे? पिंपं रिकामी करा. आणि आता काट्याजवळ कोणी फिरकलं तर माझ्याशी गाठ आहे."

पिंपे रिकामी झाली. मजल्याला विसावा मिळाला. मग पुन्हा सगळे मांडले. या वेळी घोडा माझ्या बिडाच्या खांबांना पक्का बांधला होता. पाणी भरून झाल्यावर सगळ्यांना बाहेर काढले. ती मंडळी समोरच्या फुटपाथवर ओळीने उभी राहिली आणि माझ्याकडे मान वर करून बघत बसली. आत बाई एकट्या होत्या. मीही एकटी होते.

भार जड होता, हे मी नाकारत नाही. मी वाकले. जितके वाकायला हवे तितके वाकले. काटा खुणेच्या अलीकडे थांबला आणि तिथून हलला नाही. पण ही अर्धी परीक्षा होती. पाणी उतरवल्यावर उरलेली अर्धी सुरू झाली. ती सगळ्यांत अवघड, कारण तिच्यात कोणाला काही करायचे नसते. सगळ्यांनी घरी जायचे आणि मी हळूहळू वर यायचे.

दुसऱ्या दिवशी बाई काटा वाचून दारात आल्या. ड्रायव्हर आणि धाकटी पायरीवर उभे होते.

"आली परत," बाई म्हणाल्या. "हवी होती त्याहून जास्त."

"पूर्ण?" ड्रायव्हरने विचारले.

"पूर्ण नाही. थोडं राहिलंय. लाकूड आहे काका, थोडं राहतंच."

ड्रायव्हरने मान हलवली. "राहू दे," तो म्हणाला. मग तो पायरीवर बसला. धाकटीही त्याच्या शेजारी बसली.

त्यानंतर माझ्या अंगाखांद्यावर काम सुरू झाले. पन्हळ नवी लागली, सामानाची लिफ्ट बसली. ओल आलेली भिंत खरवडून पुन्हा भरली. दारावरचे कागद भिजवून भिजवून सोलले तेव्हा खाली गडद हिरवा रंग निघाला. तिसऱ्या मजल्यावर खोल्या पाडताना भिंती छतापर्यंत नेल्या नाहीत, म्हणजे उत्तरेचा उजेड सगळ्यांना मिळतो. खोलगट मजला तसाच ठेवला. त्यावर मेज नीट उभे राहत नाही, म्हणून प्रत्येक कलाकार मेजाच्या पायाखाली लाकडाची चकती घालतो. नवा कोणी आला की जुना त्याला ती चकती कापून देतो. तशी आता इथली रीतच झाली आहे.

खालच्या मजल्यांवर ऑफिसे आली. पहिली भाडेकरू कोण आली असेल? धाकटी. तिने आपले भाषांतराचे ऑफिस पहिल्या मजल्यावर आणले.

"विकायला निघाली होतीस ना?" ड्रायव्हरने विचारले.

"निघाले होते. आता तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. आणि माझ्याकडून भाडं घ्याल तर खबरदार, मालकीण आहे मी."

कारभार ड्रायव्हर बघतो. जिन्यात मातीचे पाय उमटले की वकीलबाई त्याच्याकडे येतात. फोनवर कोणी मोठ्याने बोलले की कुंभारकाम करणारी बाई त्याच्याकडे येते. तो दोघींचेही ऐकून घेतो आणि स्वतः फडके घेऊन जिना पुसतो. थोरलीच्या मनात जी खोली होती, खिडकीजवळची, सगळ्यांत चांगली, ती तो रिकामी ठेवील असे धाकटीला वाटले होते. त्याने ती त्या शिल्पकाराला दिली. तो शिल्पकार तऱ्हेवाईक आहे आणि सगळ्यांत जास्त आवाज करतो.

"त्यालाच का?" धाकटीने विचारले.

"त्याच्याइतकी गरज कोणाला नव्हती. बिचारा कोणाच्या तरी गॅरेजमध्ये काम करत होता."

शिल्पकाराचा पहिला मोठा दगड आला तेव्हा इंजिनिअर बाईंना मुद्दाम बोलावले होते. दगड लिफ्टने वर आला, ढकलगाडीवरून दालनात शिरला. माझ्या फळ्या एकदा कुरकुरल्या. शिल्पकार घाबरून थांबला. मजला किती वजन पेलेल त्याचा आकडा बाईंनी भिंतीवर लिहिला होता, तो त्यांनी बघितला, दगडाकडे बघितले आणि होकारार्थी मान डोलावली.

"आणा आत," ड्रायव्हर म्हणाला. "ती बोलते अशीच. काम चालू झालं की गप्प होते."

खरे आहे ते. दगड जागेवर बसला आणि मी गप्प झाले.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारख्या असतील. कोणाच्या भिंतीला ओल असेल, कोणाचा मजला बसला असेल. त्यांच्याकडे बघून लगेच मान हलवू नका. पन्हळ फुटली तर वेळेवर बदला, काच गेली तर बसवा. एवढीशी काळजी घेतली तरी आम्ही पुष्कळ काळ उभ्या राहतो. आणि शंका आलीच तर परीक्षा घ्या, खुशाल घ्या, पण खरी घ्या. फक्त आम्हाला वय विचारत बसू नका. काम सांगा.